कोकणात राहून कानाच्या ऑपरेशनचा हात कसा बसवायचा?

देवगडच्या बाजूच्या एका तरुण ईएनटी डॉक्टरांनी विचारलंय: "एमएस होऊन दीड वर्ष झालं. गावी येऊन छोटं हॉस्पिटल काढलंय. नाक-घशाची कामं आत्मविश्वासाने करतो, पण मॅस्टॉइडचा, म्हणजे कानामागच्या हाडाचा, पेशंट आला की कोल्हापूरला पाठवतो. पीजीच्या तीन वर्षांत वाट्याला सरावासाठी दोनच टेम्पोरल बोन, म्हणजे कानाभोवतीची हाडं, आली, त्यातलं एक अर्धवट. आता कर्ज काढून सिम्युलेटर घ्यावा, छापील हाडं मागवावीत, की दरवर्षी मुंबई-पुण्याच्या कार्यशाळांना जावं? हात कशाने बसेल?"

कर्ज काढू नका. निदान सिम्युलेटरसाठी तरी नको. कार्यशाळेला जरूर जा, पण तिथून शिकून आलेलं महिनाभरात हातातून निसटतं, कारण परत आल्यावर ड्रिल हातात घ्यायला जागाच नसते. आधी स्वतःच्या हॉस्पिटलात एक टेबल मांडा. ते कायम मांडलेलं असू द्या आणि आठवड्यातून दोनदा त्यावर बसा. खरं हाड सगळ्यात शेवटी येऊ दे. कोणती वस्तू हाताला काय शिकवते आणि काय शिकवू शकत नाही, एवढं नीट कळलं तर फार थोड्या खर्चात हात बसतो. मी सत्तावीस वर्षं रत्नागिरीत कानाचं काम करते आहे. माझ्या टेबलावर जे टिकलं तेच पुढे लिहिते.

आधी हे सगळं इथे का हवं ते सांगते. मॅस्टॉइड कोल्हापूरला पाठवण्यात कमीपणा काहीच नाही, मीही बरीच वर्षं पाठवत होते. पण आपल्याकडे कान वाहणारा माणूस लवकर येत नाही. आधी लावणी उरकायची असते, मग गणपती येतात, मग आंब्याची फवारणी. कानात कोमट खोबरेल किंवा समुद्रफेनाची पूड घालून वर्षं निघून जातात. येतो तेव्हा कोलेस्टिटोमाने, म्हणजे कानात साचत वाढणाऱ्या कातडीच्या गोळ्याने, हाड कुरतडलेलं असतं, कधी तोंड वाकडं झालेलं असतं, कधी कानामागे गळू आलेलं असतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं आणि आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. त्या आठवड्यात लांज्याकडचा एक मुलगा आला. कानामागे टम्म सूज, कानाची पाळी पुढे ढकललेली, अंगात ताप. त्याला पाठवायचं कुठे? त्या रात्री मॅस्टॉइड इथेच उघडला. हात तयार होता म्हणून उघडला. तो तयार नसता तर वरवर चिरा देऊन पू काढला असता आणि घाट मोकळा होण्याची वाट बघत बसले असते.

हात तयार नसला की काय होतं, तेही मी पाहिलंय. शिकत असताना, संस्थेचं नाव घेत नाही, माझ्या तिसऱ्या की चौथ्या मॅस्टॉइडला माझ्याकडून सिग्मॉइड सायनस, म्हणजे कानामागची मोठी रक्तवाहिनी, फाटला. पोकळी क्षणात काळ्या रक्ताने भरून गेली. सरांनी बोट ठेवलं, मग गॉज दाबून भरला, रक्त थांबलं, पेशंट सुखरूप घरी गेला, पण त्याचं ऑपरेशन अर्धवट राहिलं. नंतर सरांनी मला एकच विचारलं, "निळं दिसलं नाही का?" खरं म्हणजे निळं दिसत होतं. सायनसवरचं हाड पातळ होत आलं की खालचं रक्त निळसर सावलीसारखं दिसू लागतं आणि तिथेच थांबायचं असतं. पुस्तकात मी ते दहा वेळा वाचलं होतं, डोळ्यांनी मात्र कधीच पाहिलं नव्हतं. ते मी एका जिवंत माणसाच्या कानात पहिल्यांदा पाहिलं. हे त्या माणसाच्या वाट्याला यायला नको होतं. सरावाचं टेबल मी तेव्हापासून इतकं मनावर घेतलं.

आणि ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय याच विषयाचा आहे, योग्यासूत्रीय. योग्या म्हणजे सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा, टाके जाड वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर घालावेत, कानाची पाळी सांधण्याचा सराव मऊ मांसाच्या तुकड्यांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असं तिथे एकेक करून सांगितलंय. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की प्रत्येक कृतीसाठी वेगळी वस्तू दिलीय. एकाच वस्तूवर सगळं शिका, असं कुठेही म्हटलेलं नाही. आपल्याला टेबल मांडायचं आहे ते याच पद्धतीने.

टेबलावर सगळ्यात आधी मायक्रोस्कोप लागतो, आणि तो तुमच्याकडे असणारच. कानासाठी २५० मिलिमीटरची लेन्स लावा. २०० ची लावली तर अवजार आणि लेन्स यांत जागा कमी पडते आणि मान पुढे जाते. ड्रिलसाठी सुरुवातीला दाताच्या लॅबमधला मायक्रोमोटर चालतो. मिनिटाला ३० ते ४० हजार फेरे त्याला पुष्कळ झाले. बर (ड्रिलला लावायची फिरती टोकं) थोडेच घ्या, पण चांगले घ्या: मोठा ६ मिलिमीटरचा कटिंग, एक मधला, आणि लहानात ३, २ व १ मिलिमीटरचे डायमंड. सक्शनचं मशीन जुनं असलं तरी चालेल. पाण्यासाठी सलाईनची बाटली उंच टांगून नळीचं टोक सक्शनला बांधा. पाण्याशिवाय ड्रिल करायची सवय एकदाही लावून घेऊ नका. फिरत्या बरची उष्णता फेशियल नर्व्हला, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या नसेला, स्पर्श न करताही इजा करते.

पहिले तीन आठवडे फक्त बसायला शिका. मला माहीत आहे, हे ऐकून तुम्हाला वाटेल की आपण एमएस झालोय. तरीही सांगते. खुर्चीची उंची अशी हवी की कोपर टेकलेलं असेल आणि मनगट मोकळं राहील. ड्रिल पेनासारखं धरा, करंगळी आणि अनामिका हाडावर टेकवा. बरच्या टोकाने खोदायचं नाही, कुशीने घासत न्यायचं. डाव्या हातातलं सक्शन बरच्या मागे-मागे फिरलं पाहिजे. नवशिक्यांचा डावा हात एका जागी गोठतो, मग पाणी साचतं, मग दिसेनासं होतं, आणि दिसत नाही म्हणून उजवा हात जोर लावतो. मी पाहिलेल्या बऱ्याच चुकांची सुरुवात डाव्या हातापासून झालेली आहे.

ड्रिलची पहिली वस्तू म्हणजे अंडं. कच्चं अंडं मातीत किंवा प्लास्टरमध्ये अर्धं रोवा, पेन्सिलने एक सेंटीमीटरचा चौकोन आखा आणि तेवढंच कवच डायमंड बरने उतरवा. आतला पांढरा पापुद्रा शाबूत राहिला पाहिजे. पापुद्रा फाटला की आतलं पांढरं बाहेर येतं, कुणी सांगावं लागत नाही. सायनसवरचं आणि मेंदूच्या आवरणावरचं हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ करायचं असतं, तो स्पर्श इथे सापडतो. गावठी अंड्यावर मला जास्त बरं वाटतं. दहा अंड्यांपैकी नऊ न फाटता झाली की पुढे जा. सुरुवातीला मी नारळाच्या करवंट्याही वापरून पाहिल्या. त्यांचा भुगा फार उडतो आणि तंतूंमुळे बर अडकतो, हाडाचा अंदाज येत नाही. किनाऱ्यावर माकूलाचं पांढरं हाड मिळतं, त्यावरही हात चालवला. ते इतकं मऊ की हाताला खोटा धीर येतो. दोन्ही सोडून दिली.

कानाच्या नळीतल्या कामाचा सराव वेगळा करावा लागतो. दोन मिलीची सिरिंज पुढून कापा, तोंडावर ग्लोव्हचा तुकडा ताणून बांधा आणि थर्मोकोलमध्ये कानाच्या कोनात खोचा. झाला पडदा. त्यावर चीर देऊन ग्रोमेट, म्हणजे पडद्यातली बारीक नळी, बसवा. मग पडद्याला भोक पाडून मागून कागदाचा ओला तुकडा सरकवून भोक झाका. ग्राफ्ट, म्हणजे पडद्याचं ठिगळ, खालून बसवण्यात जी अडचण येते ती बरोबर तशीच इथे येते: एक कड बसवली की दुसरी उठते. स्टेपीस म्हणजे रिकीब, कानातलं सगळ्यात आतलं हाड. तिच्या कामातल्या पिस्टनची तार वळवायला मी शेवई वापरते. रिकिबीला जोडलेल्या ऐरण या हाडाच्या लांब टोकाच्या जागी एक बारीक शेवई उभी खोचायची आणि तिच्याभोवती तारेचा फास आवळायचा. जोर जास्त झाला की शेवई तुटते, कमी झाला की फास हलतो. रिकिबीचा तळवा जेमतेम ३ मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटरहून कमी रुंद असतो, त्यात ०.६ चा पिस्टन बसवायचा, तेव्हा हाताला हा हिशेब आधीच माहीत असावा. पण स्टेपीसच्या नादाला इतक्यात लागू नका. आधी पडदा, मग मॅस्टॉइड, ते पुष्कळ नंतर.

आता मुंडी. बकऱ्याच्या आणि मेंढीच्या कानात पडदा, हातोडा, ऐरण, रिकीब हे सगळं असतं, आकाराने आपल्याहून लहान पण रचनेने ओळखीचं. एंडोस्कोपने काम करायला शिकण्यासाठी मेंढीचा कान जगभर वापरतात. आपल्याकडे रविवारी सकाळी खाटकाकडे सांगून ठेवलं की झालं, मात्र दोन गोष्टी आधी बजावून ठेवा. मुंडी भाजलेली नको, कारण केस काढायला ती आगीवर धरली की कानातली कातडी आणि पडदा वाया जातो. आणि सत्तूरने मधोमध फोडताना कानाच्या बाजूला घाव नको. आणली की त्याच दिवशी काम करा, नाहीतर गोठवून ठेवा. तिच्यावर पडदा उचलणं, ग्राफ्ट ठेवणं, हाडांची साखळी सोडवून पुन्हा जोडणं, रिकिबीला भोक पाडणं, सगळं होतं. मॅस्टॉइड मात्र होत नाही. माणसाच्या कानामागच्या हाडात पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात, तसं तिथे काही नसतं. मुंडीवर मॅस्टॉइड शिकायला गेलात तर चुकीच्या खुणा डोक्यात बसतील. ग्लोव्ह, मास्क, चष्मा घालूनच बसा, आणि उरलेलं नीट विल्हेवाटीला द्या, कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नका.

सिम्युलेटरबद्दल. कोपनहेगनच्या संशोधकांचा व्हिजिबल इअर सिम्युलेटर शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतो. माणसाचं गोठवलेलं टेम्पोरल बोन पातळ थरांत कापत त्याचे फोटो काढले आणि त्यांवरून तो उभा केला, त्यामुळे आतले रंग खरे आहेत. हॅम्बुर्गचा व्हॉक्सेल-मॅनही नावाजलेला आहे, पण तो संस्थांनी घ्यायचा. तुम्हाला चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागेल. हाताला हाडाचा विरोध जाणवून देणारं हॅप्टिक उपकरण जोडलं तर उत्तम, आणि ते तुम्ही चार जण मिळून घेऊ शकता. त्या उपकरणाशिवाय सिम्युलेटर फक्त रचना शिकवेल, हात शिकवणार नाही. पण रचना शिकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सायनसला भोक पडलं तर काम पुसून पहिल्यापासून सुरू करता येतं. कुठलंही हाड ही सवलत देत नाही.

एक सावधगिरी. कुठे ड्रिल करायचं ते रंगवून दाखवण्याची सोय त्यात आहे. पहिल्या दोन-तीन वेळा ती वापरा आणि मग बंद करा, नाहीतर डोळा रंग शोधायला शिकतो आणि हाडाच्या खुणा शोधायला शिकत नाही. आणि सराव सलग करू नका. डेन्मार्कमध्येच याच सिम्युलेटरवर पाहिलं गेलं की तेवढ्याच आवृत्त्या एका दिवसात उरकणाऱ्यांपेक्षा मध्ये दिवसांचं अंतर ठेवणारे जास्त सुधारले. दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर बसा, असं मी सुरुवातीला म्हटलं त्यामागे हेही आहे. तुमच्या ओपीडीच्या वेळेतही तेच बसतं.

छापील हाडांचा उपयोग मी एकाच कामासाठी मानते: अवघड केसच्या आदल्या दिवशी त्याच पेशंटच्या हाडाची प्रत हातात धरायला. एचआरसीटी, म्हणजे हाडाचा बारीक सीटी स्कॅन, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या कापांचा असला की थ्रीडी स्लायसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाड वेगळं काढता येतं, आणि छापून देणारे आता मिळतात. साधं पीएलए प्लास्टिक घेऊ नका, बरच्या उष्णतेने ते वितळून चिकटतं. रेझिनवर छापून घ्या आणि पाणी भरपूर सोडा. तयार मिळणाऱ्या काही हाडांत नर्व्ह वेगळ्या रंगाची असते, काहींत तिला बर लागला की इशारा मिळतो, हे चांगलं आहे. पण बारीक कप्प्यांत छपाईचा मसाला अडकून राहतो, आणि पातळ होत जाणाऱ्या हाडाचा बदलता आवाज त्यातून येत नाही. खरं हाड पातळ झालं की ड्रिलचा सूर चढतो. सिग्मॉइडजवळ, वर मेंदूच्या आवरणाजवळ तो सूर कान ओळखू लागतो, तो फक्त हाडावर कळतो.

म्हणून शेवटी हाड. आणि याबद्दल मला जरा सावकाश बोलायचंय.

खासगी हॉस्पिटलात माणसाचं हाड आणून ठेवता येत नाही. देहदानाचे आणि बेवारस देहांचे नियम १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने ठरलेले आहेत आणि ते मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातून चालतात. आपल्याकडे आता अडचण पूर्वीइतकी नाही. डेरवणला कॉलेज आहे, सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत सरकारी कॉलेजं सुरू झाली आहेत, वर अलिबागला आहे. तिथल्या ईएनटी आणि शरीररचना, दोन्ही विभागप्रमुखांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. एकट्याने जाऊ नका, जिल्ह्यातले चार-पाच ईएनटी मिळून जा. ड्रिल, बर, सक्शन आम्ही आणतो, तुमच्या पीजींना आणि इंटर्न्सना शिकवतो, जागा आणि हाड तुमचं, असं मांडलंत तर नकार मिळणं कठीण. आमच्याकडे हे जमायला दीड वर्ष गेलं. कुणाचा विरोध असा नव्हता, फक्त कुणी विचारलंच नव्हतं.

हाड कुठून येतं हे कधी विसरू नका. आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षिकेने देहदान केलं. शेवटची काही वर्षं त्या माझ्याकडे कानाच्या मशीनसाठी येत. एकदा त्यांनी विचारलं होतं, "माझ्या या फुटक्या कानाचा तुम्हाला काही उपयोग होईल का हो?" मी म्हटलं, चांगल्या कानापेक्षा जास्त होईल. आणि तसंच आहे. वर्षानुवर्षं वाहिलेल्या कानाचं हाड घट्ट, हस्तिदंतासारखं झालेलं असतं, कप्पे बुजलेले, सायनस पुढे आलेला. आपले पेशंट असेच असतात. त्यांचा देह आमच्या टेबलावर आला की नाही, मला माहीत नाही, कळण्याची सोय नसते आणि नसावी. पण टेबलावर हाड ठेवलं की मी नव्या मुलांना आधी एक मिनिट शांत बसायला लावते.

मिळालेलं एक हाड किती पुरवायचं हे तुमच्या हाती आहे. पीजीत तुम्ही दोन हाडं केलीत म्हणता, पण माझा अंदाज आहे की दोन्हींवर थेट मॅस्टॉइडच केलात. तसं करू नका. ड्रिल सुरू झालं की नळी आणि पडदा खराब होतात, म्हणून नळीतली कामं आधी करायची. फ्लॅप उचला, साखळी पाहा, रिकिबीपर्यंत जा, तिला भोक पाडा. मग मागून या. आधी वरची रेघ, नळीची मागची कड आणि त्यांच्या कोपऱ्यातला बारीक काटा, या तीन खुणा पेन्सिलने आखा. मोठ्यात मोठा बर घ्या. खड्डा विहिरीसारखा करू नका, परातीसारखा करा, कडा उतरत्या. लहान बरने खोल भोक पाडून आत डोकावायची जी घाई असते, तिच्यातच अपघात असतात. वर मेंदूचं आवरण आणि मागे सायनस हाडाच्या पातळ पापुद्र्याखाली दिसेपर्यंत हाड उतरवा, आणि ती निळी सावली या हाडात डोळे भरून पाहा. हाड फिक्स केलेलं, म्हणजे रसायनात टिकवलेलं, असेल तर निळा रंग तितका उमटत नाही, तरी फरक दिसतो.

अँट्रम, म्हणजे मॅस्टॉइडमधला मोठा हवेचा कप्पा, मोठ्या माणसात पृष्ठभागापासून साधारण दीड सेंटीमीटर खोल असतो. वाटेत कधी कधी हाडाचा एक पडदा आडवा येतो, कोर्नरचा (Körner) पडदा म्हणतात त्याला, आणि तळ लागला असं वाटून नवशिका तिथेच थांबतो किंवा भलतीकडे वळतो. खऱ्या तळाशी आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेचा पिवळसर, गुळगुळीत उंचवटा दिसायला हवा. तो दिसेपर्यंत अँट्रम लागला असं म्हणायचं नाही. तो एकदा दिसला की पुढचं सगळं त्याच्यावरून मोजायचं: ऐरणीचं आखूड टोक, खाली डायगॅस्ट्रिक स्नायूचा कंगोरा, आणि त्या दोहोंच्या मधून उतरणारी फेशियल नर्व्ह. आपले तांडेल अंधारात खाडीच्या तोंडातून होडी आत घेतात ती खडक शोधत नाहीत, डोंगराचा माथा आणि देवळाचा दिवा एका रेषेत आणतात आणि खडक टाळतात. नर्व्हचं तसंच. ती शोधायला जायचं नाही, खुणा जुळवून ती कुठे असणार हे आधी ठरवायचं आणि मग डायमंड बर, भरपूर पाणी, आणि घासणं नर्व्हच्या दिशेला समांतर. आडवं कधी नाही. हाड जसजसं पातळ होतं तसतशी तिची फिकट रेघ त्यातून उमटते.

एवढं झालं तरी हाड टाकू नका. नर्व्ह आणि कॉर्डा (तिची चवीची बारीक फांदी) यांच्या मधली दोन-तीन मिलिमीटरची फट उघडून राउंड विंडोपर्यंत, म्हणजे आतल्या कानाच्या गोल खिडकीपर्यंत, पोचा, कॉक्लिअर इम्प्लांट तुम्ही करणार नसलात तरी. ती फट जमली की मॅस्टॉइडमधली भीती निम्मी होते. मग नळीची मागची भिंत उतरवा, नर्व्ह पूर्ण उघडी करा. आणि सगळ्यात शेवटी मुद्दाम नुकसान करा. सायनस उघडा. नर्व्हला बर लावून पाहा, ती कशी फाटते. अर्धवर्तुळाकार नलिकेला भोक पाडा आणि आतली पोकळी बघा. चूक कशी दिसते हे ज्याने पाहिलंय त्याला चुकीच्या अलीकडचं पाऊल ओळखू येतं. मला कुणी हे करायला लावलं असतं तर त्या दिवशी सायनस फाटला नसता, असं मला आजही वाटतं.

प्रत्येक हाडाची व्हिडिओ नोंद ठेवा. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाईल लावायचा क्लॅम्प स्वस्तात मिळतो. झालेलं हाड तपासायला ओहायोतल्या संशोधकांची वेलिंग स्केल वापरा. झालं की नाही एवढंच विचारणारे मुद्दे आहेत: सायनसवर छिद्र आहे का, वरचं हाड पातळ झालं का, नळीची भिंत शाबूत आहे का. स्वतःच भरा, पण एक प्रत दुसऱ्याकडूनही भरून घ्या. स्वतःच्या हाडाला आपण सगळेच जास्त गुण देतो.

पेशंटवर कधी यायचं? माझं मोजमाप असं: ओळीने तीन हाडं, वेगवेगळ्या दिवशी, एकही इजा न करता, आणि कुणी शेजारी बसून काही न सांगता. त्यानंतर पहिले काही मॅस्टॉइड अनुभवी माणसाला बोलावून करा. घट्ट, आधी एकदा उघडलेला, वाकडं तोंड घेऊन आलेला कान मात्र अजून काही वर्षं कोल्हापूरलाच जाऊ दे. पाठवताना पेशंटला स्पष्ट सांगा की का पाठवतोय. लोकांना ते कळतं.

पावसाळ्याआधी एक काम न विसरता करा. इथल्या दमटपणात मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी येते, आणि एकदा आतल्या काचेवर ती पसरली की दुरुस्तीला भरपूर पैसे जातात. माझा पहिला मायक्रोस्कोप असाच गेला. आता त्याचं डोकं मी बंद कपाटात, सिलिका जेल आणि बारीक पेटत्या बल्बसोबत ठेवते आणि सिलिका जेल दर पंधरवड्याला भाजून घेते. समुद्राच्या हवेने बर गंजतात. वापरून झाले की धुवा, पूर्ण कोरडे करा, तेलाचं बोट लावा. गंजलेला बर हाडावर उडी मारतो, आणि ती उडी नेमकी कुठे पडेल हे सांगता येत नाही.

टेबल मांडलंत की अंड्यांपासून सुरू करा आणि महिनाभराने रत्नागिरीला या. माझ्या सरावाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत आणि रविवारी सकाळी दुसरी बहुतेक रिकामी असते. येताना तुमचे व्हिडिओ आणा, न जमलेलेही. मुंडी मी इथे सांगून ठेवते.